परराज्यात गेलेला दवाखाना आणि न जेवणारी मुले

नागपुरात 1864 मध्ये मनोरुग्णांसाठी सरकारी इस्पितळ सुरू झाले, तेव्हा पांढुर्णा आणि सौसर नागपूरच्याच मुलखात होते. भोसल्यांचे राज्य 1853 मध्ये खालसा झाले होते आणि 1861 मध्ये बनलेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूरच होती. त्या काळच्या अशा इस्पितळांत उपचार थोडे आणि कोंडून ठेवणे जास्त असे. तरीही मनाचा आजार हे सरकारच्या जबाबदारीचे काम आहे, एवढे त्यातून मान्य झाले होते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा-सौसरसह छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्ण्याहून आगगाडीने सुमारे 100 किलोमीटरवर असलेले नागपूर एका दिवसात परराज्य झाले. आपल्या राज्याचे मनोरुग्णालय गाठायचे तर ग्वाल्हेर, साडेसहाशे किलोमीटरहून दूर, नाही तर इंदूर. लोक अर्थातच नागपूरलाच जात राहिले. संत्री तिकडे, सोयरीक तिकडे, दवाखानाही तिकडे. माझे मत असे, की लोक पदरमोड करून नागपूर गाठतात म्हणूनच इथे सोय उभी करण्याची निकड भोपाळला कधी वाटली नाही.

ज्यांना नागपूर परवडत नव्हते, त्यांनी सौसरजवळच्या जामसावळीची वाट धरली. तिथल्या निद्रिस्त मारुतीच्या पायाशी ‘बाहेरची बाधा’ झालेल्या माणसांना घेऊन नातेवाईक मुक्काम करतात. या श्रद्धेला हिणवण्याचा अधिकार कोणालाच नाही. जिथे दुसरे कोणी दार उघडत नव्हते, तिथे देवळाने आसरा दिला. पण गप्प गप्प झालेली, ताटावरून उठून जाणारी पंधरा वर्षांची मुलगीही जेव्हा त्याच रांगेत आणली जाते, तेव्हा तिच्या उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात.

न जेवण्याचा आजार ओळखणे आपल्याकडे अवघडच आहे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता; अन्न नाही म्हणून न जेवणे इथे पिढ्यान् पिढ्यांनी सोसले. बायकांनी सगळ्यांच्या शेवटी, उरलेले खाणे ही घराघरातली रीत. त्यात हरतालिका, एकादशी, नवरात्र, सोळा सोमवार. उपवास हा आजार नव्हे, पण आजारी मुलीला त्याच्या आड लपता येते आणि घरातली मोठी माणसे तिचे कौतुक करत राहतात. अंगावरचे कपडे सैल झाले, पाळी बंद झाली, तरी ‘परीक्षेचा ताण’ म्हणून विषय मिटतो. मुलग्यांकडे तर या दृष्टीने कोणी पाहतच नाही.

लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी 1873 मध्ये न जेवण्याच्या या आजाराचे वर्णन केले. पुढे तो श्रीमंत गोऱ्या मुलींचा आजार मानला गेला. ही समजूत फिजीने मोडली. तिथल्या एका प्रांतात 1995 मध्ये दूरदर्शन आले. अॅन बेकर या संशोधिकेच्या पाहणीत खाण्याविषयी चिंताजनक वृत्ती दाखवणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण 1998 पर्यंत 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेले. पडदा आता पांढुर्ण्याच्या पोरांच्या खिशात आहे. मात्र 1995 मध्येच दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी अशा तरुण मुलींची नोंद केली होती, ज्यांना जाड होण्याची भीती नव्हती. त्या फक्त जेवत नव्हत्या, उलट्या करत होत्या, खंगत होत्या. आपल्याकडे हा आजार पोटदुखीच्या, मळमळीच्या तक्रारी घेऊनही येतो. आरशासमोर रडणाऱ्या मुलीचीच वाट पाहत बसलो, तर बाकीच्या नजरेतून सुटतील.

उदासी आणि उपासमार एकमेकींना वाढवतात. अमेरिकेत मिनेसोटा इथे 1944-45 मध्ये 36 धडधाकट पुरुषांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवले होते. काही महिन्यांत ते खिन्न, चिडखोर, एकलकोंडे झाले आणि दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. म्हणून खंगलेल्या मुलीला ‘मन घट्ट कर’ सांगण्यात अर्थ नाही. आधी तिच्या पोटात नियमाने अन्न जायला हवे. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात घडलेली उपचारपद्धत हेच करते. काही काळ जेवणाची सूत्रे ती आईवडिलांच्या हाती देते, दोष मात्र त्यांना देत नाही. एकत्र जेवणाऱ्या आपल्या घरांना हे जमण्यासारखे आहे, फक्त शिकवणारा कोणी हवा.

कागदावर योजना आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 चा. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या सुमारे 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. 15 ते 19 वयाच्या देशातल्या 59 टक्के मुली 2019-21 च्या पाहणीत रक्तक्षयी आढळल्या; रक्तक्षयावर म्हणून शाळेत लोहाची गोळी मिळते. गोळी देणाऱ्या हाताने कधी विचारले का, की बाई, तू जेवतेस का, झोप लागते का, जगणे नकोसे वाटते का? असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. 2022 पासून 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे, तो प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असायला हवा.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. नव्या जिल्ह्यात कार्यालये उभी राहतील, खुर्च्या भरल्या जातील. त्यात जिल्हा रुग्णालयातली मानसोपचारतज्ज्ञाची आणि समुपदेशकाची जागा पहिल्या यादीत असावी, आणि समुपदेशकाला मराठी यावी. घरात मराठीत रडणाऱ्या मुलीने आपले दुःख हिंदीत का मांडावे? शाळेच्या तपासणीत एका वेळचे वजन न लिहिता दर सहा महिन्यांचे वजन आणि उंची शेजारी शेजारी लिहावी, म्हणजे वाढ कुठे थांबली ते दिसेल. जामसावळीच्या आवारात आठवड्यातून एकदा डॉक्टर बसावा, देवस्थानाच्या संमतीने. आणि नागपूरशी रीतसर करार व्हावा, म्हणजे गंभीर रुग्णाला तिथे पाठवताना बापाला आधी राज्याचा कागद दाखवावा लागणार नाही. यासाठी जिल्हाधिकारी, आमदार आणि पंचायतींकडे आताच मागणी करावी लागेल, पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी.