पेरणीआधी बियाणे, प्रवेशाआधी दाखले



आज खत-बियाण्याची गोष्ट बाजूला ठेवतो. कळंब तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याचा प्लॉट पाहायला गेलो होतो. बांधावर शेतकरी म्हणाले, "साहेब, पोराचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, पण फीपायी दुभती म्हैस विकली." जमीन साडेतीन एकर. विचारले, "स्कॉलरशिपचा फॉर्म?" म्हणाले, "भरला होता. उत्पन्नाचा दाखला गेल्या सालचा निघाला. नवा काढेपर्यंत तारीख गेली."

म्हैस गेली ती एका कागदापायी. तुमच्या घरी असे होऊ नये, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, उत्पन्नाची मर्यादा. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ती अडीच लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज योजना आहे. तिची मर्यादा आठ लाख, आणि शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलींना तर २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. ही सवलत आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षण व इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांच्या आतल्या घरांना आहे. तेव्हा फीचे कारण सांगून पोरीला घरी बसवू नका. मात्र प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही मदत नाही.

दुसरी, दाखले. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर नवा काढा. सोबत रहिवासी, जातीचा आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर दाखला. जमीन पाच एकरांच्या आत असेल तर सातबारा, आठ-अ घेऊन अल्पभूधारक दाखलाही काढा. बाहेरगावी राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तो लागतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

तिसरी, बँक. पैसा आधारशी जोडलेल्या खात्यातच येतो. घरात दोन-तीन खाती असतील तर कोणते जोडले आहे, ते बँकेत जाऊन विचारा.

चौथी, नूतनीकरण. महाडीबीटीवर फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले, असे समजू नका. फॉर्मला दिलेला मोबाइल नंबरही बदलू नका.

बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतो, पाऊस पडल्यावर नव्हे. दाखल्यांचेही तसेच. बारावीची परीक्षा संपली की निकालाची वाट न पाहता तहसीलची वाट धरा. गोठ्यातली म्हैस गोठ्यातच राहील.