देशाला एक हिटलर पाहिजे म्हणे!

आम्ही झाडीपट्टीची माणसं. धान घरात आलं, मंडई भरली की रात्रभर नाटक बघायचं, शेवटच्या अंकात सगळ्या मंडपाने मिळून रडायचं आणि उजाडलं की डोळे पुसत घरी जायचं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे पोंभुर्ण्यात घरी, कानात इअरफोन घालून 'शिंडलर्स लिस्ट' बघताना मी रडलो, यात विशेष काही नाही.

सव्वातीन तासांचा सिनेमा. सकाळी मायने विचारलं, "काऊन गा, डोळे काऊन सुजले?" काय सांगणार? लाल कोटातली ती लहान पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती. जवळजवळ सगळा सिनेमा काळा-पांढरा, त्यात तिचा कोट तेवढा लाल. आधी ती गर्दीतून एकटी चालताना दिसते, पुढे प्रेतांच्या गाडीवर. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग मी स्टेटस टाकलं की हा सिनेमा बघितलेला माणूस पहिल्यासारखा राहत नाही. भरपूर बदाम आले.

चौथ्या दिवशी पानठेल्यावर एसटीची वाट बघत होतो. बस काही येईना. कोणीतरी म्हणालं, "देशाला एक हिटलर पाहिजे बाप्पा, तेव्हाच हे लोक सुधरतील." सगळे हसले. मीही हसलो.

म्हणजे माझं बदलणं तीन दिवस टिकलं. नाटकाचे डोळे निदान उजाडेपर्यंत ओले राहतात. माझ्यात आणि त्यात फरक तो किती?

म्हणून माझं भांडण सिनेमा न बघणाऱ्यांशी नाही, बघून रडणाऱ्यांशी आहे. तुमच्याशी आणि माझ्याशी. सिनेमा किती खोल गेला हे डोळ्यांवरून मोजू नका, जिभेवरून मोजा. शिस्तीचे सर म्हणजे हिटलर. उशिरा आल्यावर ओरडणारा बाप म्हणजे हिटलर. टीव्हीवर तर २०११ मध्ये 'हिटलर दीदी' नावाची मालिकाच आली. साठ लाख ज्यू माणसं मारणाऱ्या राजवटीचा प्रमुख आपल्याकडे कडक स्वभावाचा नमुना होऊन बसला आहे. त्याचं काय चुकलं असं विचारलं, तर आपल्यातले कितीतरी जण सांगतील: युद्ध हरला.

त्याचं पुस्तकही मराठीत मिळतं, 'माझा लढा'. पोलीस भरतीची तयारी करत होतो तेव्हा मीही घेतलं होतं, स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशेजारी ठेवलेलं. 'जिद्द' शिकायला. पेन्सिलने ओळी अधोरेखित केल्या. ज्यूंबद्दलची पानं आली की उलटून पुढे जायचो, कारण ती 'आपल्या कामाची' नव्हती. पुस्तकाचा जन्म १९२५ चा. त्याने मनातलं काही लपवलं नव्हतं. पानं उलटणारे त्याला तिथेही भेटले असतील.

कोणी म्हणेल, गंमत आहे रे, एवढं काय? २००६ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं हॉटेल उघडलं. तेही गंमत म्हणूनच. मुंबईतल्या ज्यू समाजाने निषेध केला, तेव्हा नाव बदललं. म्हणजे ज्यांना ती गंमत नव्हती, ती माणसं इथेच राहत होती, आपल्यातच. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्रायल. त्यांची भाषा मराठी. हिंदी सिनेमातल्या डेव्हिडचं आडनाव चेऊलकर. इस्रायलला गेलेल्यांनी तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. सिनेमातला हिशेबनीस स्टर्न कोकणात जन्मला असता, तर त्याचंही आडनाव 'कर'ने संपलं असतं.

दुसरा आक्षेप मोठा: आपल्याकडे तसं होत नाही. त्याच २००६ सालच्या २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत, म्हणजे आपल्याच झाडीपट्टीत, भोतमांगे या दलित कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलांना गावातल्या जमावाने मारून टाकलं. ते जर्मनीएवढं नव्हतं हे मलाही कळतं. चार आणि साठ लाख एका तराजूत घालायचे नाहीत. पण 'हे लोक' म्हणून बोट दाखवायला आपल्यालाही येतं, आणि बोट दाखवल्यावर काय होऊ शकतं हे बघायला पोलंडला जावं लागत नाही.

सिनेमाही आपल्याला एक सोय करून देतो. अंधारात बसलेला प्रत्येक जण स्वतःला शिंडलर समजतो. त्याने वाचवले साधारण बाराशे. प्रत्येक गावात असा एक जण असता, तर आकडा साठ लाखांवर गेला नसता. सिनेमाची सुरुवात आठवा. घडीची टेबलं मांडली जातात, कागद, शाई, टाइपरायटर येतात आणि कारकून शांतपणे नावं उतरवून घेतात. कोणी ओरडत नाही. त्यांची शिस्त चांगली होती. आपल्याला पाहिजे असते तीच. मी स्वतःला त्या टेबलामागे बसवून बघितलं, तेव्हा कुठे सिनेमा खरा लागला. पोलीस भरतीत निवड झाली असती, तर मला कोणती यादी दिली असती आणि मी काय विचारलं असतं?

परवा पानठेल्यावर पुन्हा तेच वाक्य आलं. या वेळी मी विचारलं, "हे लोक म्हणजे कोण गा?"

बोलणारा गप्प झाला. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, त्याने एका जातीचं नाव घेतलं. त्या जातीचा पोरगा आमच्यामागेच चहा पीत उभा होता.

कोणी हसलं नाही. मजा गेली, असं एक जण म्हणाला. जाऊ द्या मजा. तुम्हीही पुढच्या वेळी एवढंच विचारा, तेही सगळ्यांसमोर: हे लोक म्हणजे कोण?