दिवाळीत मालकच आडवा पडला, तर गल्ला कोण सांभाळणार?



दिवाळी जवळ आली की मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सर, स्टॉक किती भरू?" आज मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो. या सीझनला तुम्ही रोज जेवणार कधी आणि झोपणार किती, हे ठरवलंय का?

हसू नका. दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

सावेडीत माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. त्या वर्षी नवरात्रापासून सकाळी साडेनऊला शटर वर, रात्री साडेदहाला खाली, मग हिशोब. माल आणायला रात्रीचा प्रवास. दुपारचा डबा संध्याकाळी सहाला, तोही उभ्याउभ्या. मधल्या वेळेत चहावर चहा आणि वडापाव. "जेवायलाही वेळ नाही" हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो. धनत्रयोदशीच्या दुपारी काउंटरवरच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळलो. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि दोन दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं.

खरा धडा पुढे आहे. दुकान उघडं होतं, दोन्ही हेल्पर हजर होते, गिऱ्हाईकही येत होतं. पण टॅगवर खरेदी किंमत मी अक्षरांच्या कोडमध्ये लिहितो आणि तो कोड फक्त माझ्या डोक्यात होता. भाव किती कमी करायचा, हे पोरांना कळेना. गिऱ्हाईक "मालक आल्यावर येतो" म्हणायचं आणि शेजारच्या दुकानात शिरायचं. लक्ष्मीपूजनाला निम्मासुद्धा गल्ला झाला नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सीझनमधलं आजारपण प्रत्येक वेळी नशिबाने येत नाही. बऱ्याचदा ते आपल्याच नियोजनातलं भोक असतं.

तुम्ही म्हणाल, "दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, ढकलून नेऊ." पण दहा दिवस असतात कुठे? गणपतीपासून धरा, भाऊबीजेपर्यंत चांगले दोन महिने जातात. रोजचे तेरा तास आणि आठवड्याचे सातही दिवस म्हणजे 91 तास झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये सांगितलं, की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. दोन महिन्यांत लगेच असं होईल असं नाही. पण आपल्यातले बरेच जण वर्षभर असंच राबतात, हे आपल्याला माहीत आहे.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा 2017 मध्ये झाला, तेव्हा त्यात कामगाराला सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठेवली होती. तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. आपलं दोन हेल्परचं दुकान त्यात बसलं नाही, तरी शरीर सगळ्यांचं सारखंच आहे. आणि मालकाला तर सुट्टी देणारा कायदाच नाही. ती त्याने स्वतःच घ्यायची.

आता मी काय करतो ते सांगतो.

पहिलं, जेवणाची वेळ ड्युटीच्या तक्त्यात लिहितो. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते, तेव्हा आळीपाळीने अर्धा-अर्धा तास. पुणेकरांच्या 'एक ते चार बंद'वर आपण विनोद करतो, पण त्यातलं थोडं शिकायला हरकत नाही.

दुसरं, एका हेल्परला टॅगचा कोड, शेवटचा भाव आणि युपीआयचा हिशोब शिकवलाय. "चोरी करेल" ही भीती मलाही होती. म्हणून रोज रात्री स्टॉक मोजतो. मोजणीला वीस मिनिटं लागतात.

तिसरं, पाणी. आपल्या बऱ्याच गाळ्यांना स्वच्छतागृह नसतं, म्हणून काउंटरवरच्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग, मग सीझनमध्येच रजा. कॉम्प्लेक्समधल्या स्वच्छतागृहाची चावी मागून घ्या, शेजाऱ्याशी बोला, पण सोय करा. आणि दोन स्टुलं ठेवा, गिऱ्हाईक नसताना बसू द्या.

चौथं, हिशोब रात्री दहाला थांबतो, उरलेला सकाळी. झोप सात तास. बीपी-शुगरची गोळी असेल तर मोबाईलवर अलार्म लावा. छातीत दुखलं, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली, तर काउंटर सोडा आणि थेट दवाखाना गाठा. "एवढं गिऱ्हाईक करतो आणि जातो" असं करू नका.

यात माझी थोडी विक्री जात असेल. जाऊ दे. मागच्या दिवाळीत मी चारही दिवस दुकानात होतो आणि पाडव्याला घरच्यांसोबत जेवलोही.

बाजारातली जुनी माणसं म्हणतात, गिऱ्हाईक आणि मरण कधी येईल सांगता येत नाही. त्यातलं गिऱ्हाईक तेवढं आपण लक्षात ठेवतो. आज रात्री स्टॉकची यादी करायला बसाल, तेव्हा त्याच कागदावर स्वतःच्या जेवणाची आणि झोपेची वेळ लिहा. आणि तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर दुकान कोण चालवेल, त्याचं नावही लिहा. नाव सुचलं नाही, तर तयारी तिथूनच सुरू करा.