पीसी थंड, पण खोली गरम का?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी नव्या एसींना २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार जाहीर केला आणि सगळीकडे वाद सुरू झाला. तुळिंजच्या आमच्या वन रूम किचनमध्ये एसीच नाही, त्यामुळे आमचा वाद वेगळा. रात्री मी गेम लावला की त्याच खोलीत झोपलेली आई घामाघूम होऊन उठते. "तो डबा बंद कर आधी!"

आईचं बरोबर आहे. पीसी जी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. गेम चालू असताना माझा पीसी ४०० वॉट घेतो. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं वाढली!

मग भारी कूलर बसवला तर? त्याने चिप थंड राहील, खोली नाही. कूलर फक्त चिपची उष्णता उचलून खोलीत टाकतो. छताचा पंखाही हवा गार करत नाही, तो घाम वाळवतो. आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर वाळतच नाही.

त्यात कार्डांची भूक वाढतेय. २०१६ च्या जीटीएक्स १०८० ला १८० वॉट लागायचे, २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॉट लागतात. रिव्ह्यू बघताना आपण एफपीएस बघतो, वॉट कोण बघतं?

मी काय केलं?

• एफपीएस ६० वर लॉक केले.
• ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली. खेळताना फरक जाणवला नाही.
• पीसी खिडकीजवळ हलवला. बाहेरची हवा गार असेल तेव्हा टेबल फॅनचं तोंड खिडकीबाहेर करतो, म्हणजे गरम हवा बाहेर जाते.
• काम संपलं की पीसी स्लीपवर टाकतो.

प्लगच्या मीटरवर ४०० चे २६० वॉट झाले. रोज चार तास धरले, तर महिन्याला जवळपास १७ युनिट वाचतात. खोली एसीसारखी गार झाली का? नाही. पण दीड माणूस कमी झाला, आणि आईची झोप मोडणं थांबलं.

नवा पीसी घेताय? आधी वॉट बघा. ती उष्णता घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येते.