लपविलेली पुडी

भंडारा जिल्ह्यातील भाताच्या बांध्यांत वाकून रोवणी करण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या कमरेला आणि गुडघ्यांना उतारवयात त्या श्रमांची किंमत मोजावी लागते. मुलांनी डॉक्टरांच्या गोळ्या आणून दिल्या तरी उशाशी आठवडी बाजारातील एखादी पुडी किंवा शेजाऱ्याने सुचविलेला काढा असतोच. यात हसण्यासारखे काही नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच होय. परंतु ते मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या ठणक्यासाठी कोणी दाखल होत नसतो. तो पुडीच शोधतो.

आमचे भांडण आयुर्वेदाशी नाही. तेलाच्या मालिशीने बरे वाटते, बेताच्या योगासनांनी सांधे मोकळे राहतात. भीती आहे ती लपवालपवीची. वार्धक्यात मूत्रपिंडे मंदावतात आणि पोटात आधीच चार औषधे असतात. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. मधुमेहाच्या गोळीवर कारल्याचा रस घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. सांधेदुखीच्या बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार तर अनेकवार उघडकीस आले आहेत. गुण दोन दिवसांत येतो. मागाहून हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि पुडी एकाएकी थांबविली तर प्राणावर बेतते.

संधिवात, मधुमेह, रक्तदाब हमखास बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. विषारी द्रव्ये असलेल्या आयुर्वेदीय औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणेही बंधनकारक आहे. पण बाजारातल्या पुडीला वेष्टनच नसते! अन्न व औषध प्रशासनाने दुकानांबरोबरच आठवडी बाजारातील चूर्णांचेही नमुने तपासले पाहिजेत.

तथापि केवळ कायद्याने हे भागणार नाही. डॉक्टर रागावतील म्हणून वृद्ध सांगत नाहीत, आणि रांग मोठी म्हणून डॉक्टर विचारीत नाहीत. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आयुष वैद्यांना सरकारी रुग्णालयांच्या आवारात आणण्याचे धोरण स्वीकारले. मग दोन्ही पद्धतींची औषधे एकाच केसपेपरावर का लिहिली जाऊ नयेत? ‘आणखी काय घेता?’ या एका प्रश्नाला अर्धे मिनिटही लागत नाही. तो न विचारल्याने ओढवणारे दुखणे मात्र महिनोगणती खाट अडविते.

घरच्यांचेही कर्तव्य आहे. आईवडिलांना दवाखान्यात नेताना गोळ्यांबरोबर ती पुडी आणि काढ्याची बाटलीही पिशवीत घालावी, आणि त्यावरून त्यांना बोल लावू नये. ज्यांना रागावून घेण्याची भीती नाही, तेच खरे सांगतात.