प्रेशरखाली चांगलं काम करतो म्हणे!

शनिवारी आमच्या टीमचं आउटिंग होतं. स्थळ कशेळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की लागणारं गाव. कोथळीगडाला गेला असाल तर आंबिवलीकडे जाताना इथूनच गेला असाल, फक्त झोपेत असाल. तर या कशेळ्याच्या अलीकडे एक फार्महाऊस. स्विमिंग पूल, मिसळ अनलिमिटेड, आणि मिसळ नीट पोटात उतरायच्या आत दोन तासांचं ‘सेशन’. विषय : दबावाखाली उत्तम कामगिरी.

ट्रेनर सर टायवाले. ऐन मे महिन्यात, कर्जतच्या उन्हात, टाय. (त्यांच्यावरही प्रेशर असणारच.) पहिल्याच स्लाइडवर हिरा. कोळशावर प्रेशर आलं म्हणून हिरा झाला, वगैरे. मग प्रत्येकाला एकेक फुगा दिला आणि म्हणाले, फुगवत राहा. न फुटता ज्याचा सगळ्यात मोठा झाला त्याला चॉकलेट. ज्यांचे फुटले त्यांनी आपापले तुकडे उचलून डस्टबिनमध्ये टाकले. यापेक्षा खरं वर्णन आमच्या प्रोजेक्टचं आजवर कुणी केलेलं नाही, पण सरांना ते अभिप्रेत नसावं.

आधी त्या हिऱ्याचा निकाल लावतो. हिरे कोळशापासून होत नाहीत. पृथ्वीवर कोळसा व्हायला आधी झाडं यावी लागली आणि बहुतेक हिरे त्या झाडांपेक्षाही म्हातारे आहेत. जमिनीखाली शे-दीडशे किलोमीटरवर ते बनतात आणि अफाट काळ पडून राहतात. एवढा वेळ द्या, आमचेही हिरे होतील. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कोळशाचा फक्त धूर होतो.

सेशन संपलं आणि मी नदीवर जाऊन बसलो. नदीचं नाव पेज. (आमच्यातल्या एकाला वाटलं वेबपेजवरून कुणी गंमत केलीय. शहरात वाढलेल्या माणसाला भाताची पेजही आठवू नये म्हणजे कमाल.) मे महिन्यात कर्जत तालुक्यातले ओढेनाले कोरडेठाक असतात, पण पेजेत मात्र पाणी वाहत होतं. याचं कारण पूर्वेला दिसणाऱ्या सह्याद्रीच्या भिंतीत आहे. वर मावळात ठोकरवाडीचं धरण. तिथलं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून सुमारे 500 मीटर खाली येतं, टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरात चाकं फिरवतं आणि मग पेजेत सोडलं जातं. हे वीजघर 1922 पासून चालू आहे. म्हणजे शंभरी उलटून गेली. याला म्हणतात प्रेशरखाली काम करणं!

मी मेकॅनिकलचा. डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतो जावावर, अशी आपली एक मोठी जमात आहे. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर कसाबसा काढला होता, पण तिथं बसून तो हळूहळू आठवायला लागला. 500 मीटरचा पाण्याचा स्तंभ म्हणजे पाइपाच्या तळाशी चौरस सेंटिमीटरला जवळपास 50 किलो दाब. तुमच्या गाडीच्या टायरमधल्या हवेच्या वीसेक पट. आता प्रश्न असा, की एवढ्या दाबाखाली ते वीजघर शंभर वर्षं कसं टिकलं? त्याची मनाची ताकद वाढवली म्हणून? सकाळी प्राणायाम करतं म्हणून?

टिकलं, कारण दाबाचं काय करायचं ते आधीच कुणीतरी बसून ठरवलंय. पाइपाची जाडी तळाच्या दाबाला पुरेल, वर थोडी शिल्लकही उरेल, अशी काढलेली असते. उंचावरून येणाऱ्या अशा पाण्यावर पेल्टनची चाकं चालतात. समजा विजेची मागणी एकदम पडली. मग पाणी थांबवायला हवं. पण वेगात आलेलं पाणी फटकन अडवलं तर दाबाचा असा हातोडा उलटा बसतो की पाइपच फाटेल. म्हणून पेल्टन चाकाच्या तोंडाशी एक साधी पट्टी असते, डिफ्लेक्टर. ती क्षणात पाण्याची धार चाकावरून बाजूला वळवते, आणि झडप मागाहून, सावकाश बंद होते. एकशे वीस वर्षांपूर्वीच्या इंजिनियरांनाही कळत होतं की प्रेशर एकदम आलं-गेलं तर ते वळवायला जागा लागते. आमच्याकडे क्लायंटने शुक्रवारी संध्याकाळी रिक्वायरमेंट बदलली की धार थेट पोराच्या अंगावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. असली वीजघरं आज मुख्यतः पीक लोडसाठी वापरतात, म्हणजे मुंबईची मागणी चढली की चालवायची, उतरली की थांबवायची. औष्णिक केंद्र थंड पडलं तर परत सुरू व्हायला काही तास घेतं, हे काही मिनिटांत लागतं. 12 ऑक्टोबर 2020 आठवतोय? सकाळी दहाच्या सुमाराला अख्खी मुंबई अंधारात, आपण सगळे वर्क फ्रॉम होम, आणि स्टँडअपला एकाचाही चेहरा दिसेना. त्या दिवशी शहराचा पुरवठा परत आणायला ट्रॉम्बेच्या संचांबरोबर टाटांचे जलविद्युत संचही लावले गेले होते. ते लावता आले, कारण वर तलावात पाणी शिल्लक होतं आणि चाकांना वाढीव भार घ्यायला जागा होती. दिवसरात्र शंभर टक्के लोडवर पळणारं मशीन आयत्या वेळी काय डोंबल जास्तीचं देणार?

माझं भांडण नेमकं इथं आहे. आपल्या कंपन्यांमध्ये माणूस रिकामा दिसला की मॅनेजरच्या पोटात दुखतं. शंभर टक्के युटिलायझेशन ही अभिमानाने स्लाइडवर टाकायची गोष्ट. खरं तर हे गणित आपणच शिकलोय. रांगांचं अगदी साधं मॉडेल घ्या, एक माणूस, कामं आपापल्या वेळी येणारी. तो 80 टक्के व्यस्त असेल तर दिवसभराचं एक काम हातात घेतलं जायच्या आधी सरासरी 4 दिवस थांबतं. 90 टक्क्यांना 9 दिवस. 95 ला 19. शंभरला रांग संपतच नाही. हेच गणित आपण सर्व्हरला लावतो. सीपीयू 80 च्या वर गेला की पहाटे तीनला पेजर वाजतो (हा वेगळा पेज!). माणूस 140 वर गेला की त्याला ‘स्टार ऑफ द मंथ’.

तुम्ही म्हणाल, अरे पण थोडं प्रेशर असल्याशिवाय काम होतं का? परीक्षेच्या आदल्या रात्रीच अभ्यास व्हायचा ना आपला? सरांनीही तो प्रसिद्ध उलट्या ‘यू’चा आलेख दाखवला. ताण वाढतो तशी कामगिरी वाढते, मग घसरते. सर, तो आलेख ज्या प्रयोगावरून निघाला तो 1908 मधला, यर्क्स आणि डॉडसन या दोघांचा. उंदरांवरचा. चुकीच्या दारात शिरलं की विजेचा झटका. आणि त्यात त्यांना दिसलं ते असं, की काम सोपं असेल तर झटका जोरात असला तरी उंदीर पटकन शिकतो, पण काम जितकं अवघड तितका उपयोगी पडणारा झटका सौम्य होत जातो. स्लाइडवर हे अर्धं कधीच येत नाही. आपलं काम कुठल्या जातीचं, दगड फोडायचं की अवघड दार ओळखायचं, हे तुम्हीच सांगा.

मी स्वतः काही कमी नाही. मागच्या वर्षी एका रिलीजला सलग तीन रात्री ऑफिसात काढल्या. तिसऱ्या रात्री, पहाटे चार वाजता, एक जबरदस्त बग पकडला. तो गेला असता तर लोकांची बिलं दुप्पट निघाली असती. टाळ्या, मेलमध्ये नाव, दोन हजारांचं व्हाउचर. अप्रेझलमध्ये वाक्य : प्रेशरखाली चांगलं काम करतो. आईला फोन करून सांगितलं होतं. आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट आता सांगतो. तो बग मीच घातला होता. दुसऱ्या रात्री, पहाटे तीनला. इतिहासात माझंच नाव निघालं, ते बघून मी ती खिडकी हळूच बंद केली.

हे हसण्यावारी नेता येतं, कारण माझं फार काही गेलं नाही. 2024 च्या जुलैत पुण्यात एका बड्या फर्ममध्ये नुकतीच लागलेली 26 वर्षांची सीए मुलगी गेली. कारणाचा निवाडा करणारा मी कोणी नाही. पण तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं कामाच्या ओझ्याबद्दलचं पत्र सप्टेंबरमध्ये आपण सगळ्यांनी वाचलं, फॉरवर्ड केलं. तेव्हा देशाच्या अर्थमंत्र्यांनीही, मुलांना ताण सोसायची आतली ताकद घरातून मिळाली पाहिजे, अशा अर्थाचं बोलून टाकलं. टीका झाल्यावर खुलासा केला, ते सोडा. पण विचार तोच, फुगेवाल्या सरांचा. रबर कच्चं होतं.

कर्जत स्टेशनवर कधी उभे राहिलात तर बघा. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. कारण पुढे बोरघाट, 37 फुटांना एक फूट चढ. पुढच्या इंजिनाच्या ड्रायव्हरला कुणी ‘तू करू शकतोस’ असं म्हणत नाही. मागून धक्का द्यायचा हा वेळापत्रकातलाच भाग आहे, त्यात लाज नाही. थांबलेल्या त्या मिनिटांवर कर्जतचा बटाटेवडा मोठा झाला, हा आणखी फायदा.

असो. परतीच्या बसमध्ये फीडबॅक फॉर्म फिरला. ‘या सत्रामुळे तुमची दबाव सहन करण्याची क्षमता वाढली का?’ एक ते पाच. मी फॉर्म भरला नाही. मॅनेजर शेजारीच बसला होता, त्याला म्हटलं, पुढच्या क्वार्टरचा प्लॅन 80 टक्क्यांवर करू या. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "लिहून पाठव, वर बोलून बघतो." बस कर्जतच्या दिशेला लागली तोवर कुठल्यातरी एस्कलेशनचा मेल आला होता आणि पुढच्या तीन सीटवर लॅपटॉप उघडले गेले होते.

मी रविवारी रात्री लिहून पाठवलं, आकड्यांसकट. आज सहावा दिवस. अजून उत्तर नाही. फार बिझी आहे तो.