मोकळ्या झालेल्या ब्लॉकचा मालक कोण?

कल्याण-डोंबिवलीहून वागळे इस्टेट, पोखरण रोड किंवा ऐरोलीला रोज कामावर जाणाऱ्या अभियंत्यांपैकी ज्यांच्या हाती सी++ मधले सर्व्हर आहेत, त्यांना मेमरी पूल नवा नाही. प्रोग्राम जागेचा मोठा तुकडा आधीच घेतो, त्याचे ब्लॉक पाडतो आणि वापरून झालेला ब्लॉक पुढच्या कामाला देतो. वेग वाढतो. पण अनेक थ्रेड एकाच पुलावर आले की एकाने परत केलेला ब्लॉक दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि पहिल्याकडे जुना पॉइंटर उरतो. अशा वेळी प्रोग्राम बंद पडला तर नशीब. बहुधा तो चुकीच्या डेटावर बिनबोभाट चालत राहतो. म्हणून पुलाची सुरक्षितता लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

ओपनएसएसएलचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. बँकांपासून सरकारी संकेतस्थळांपर्यंत वापरल्या जाणाऱ्या या लायब्ररीत बफरची स्वतःची मोकळी यादी होती. एप्रिल 2014 मध्ये तिच्यातली हार्टब्लीड ही सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हा या यादीकडेही तज्ज्ञांचे लक्ष गेले. ती बंद करून पाहिली तर कोड मोडला, कारण तो परत केलेला बफर पुन्हा वाचत होता आणि यादी तोच बफर हाती देत असल्याने ते झाकले जात होते. अनेक थ्रेड असताना, बफर लगेच सोडण्याची सोय चालू असेल, तर एका जोडणीचा डेटा दुसरीत घुसवता येत होता. ही तक्रार 2010 पासून नोंदलेली होती. अधिकृत दुरुस्ती आली 2014 मध्ये. कोड सर्वांसाठी खुला होता, वाचणारे निष्णात होते, तरीही.

उपाय माहीत आहेत. प्रत्येक ब्लॉकला पिढी क्रमांक द्या आणि तो परत येताच क्रमांक वाढवा, म्हणजे जुना हवाला ओळखून नाकारता येतो. लॉकशिवाय चालणाऱ्या यादीत तर हा किंवा अशाच तोडीचा बंदोबस्त लागतोच, कारण तिथे पत्ता तोच दिसला म्हणून यादी तीच असे ठरत नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन चालवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: पुलात परतलेला ब्लॉक निषिद्ध आहे हे त्याला कोडमधून सांगावे लागते, नाहीतर त्याच्या लेखी ती वैध जागाच. वेग कमी होईल, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण सॅनिटायझर चाचणीपुरता असतो आणि पिढी क्रमांकाची किंमत एका तुलनेची. रस्ट या मेमरी-सुरक्षित भाषेतही असा पूल लिहिताना ‘अनसेफ’ लागतेच, हेही खरे. मात्र तो भाग मोजक्या ओळींत कोंडता येतो, बाकीचे कंपायलर तपासतो. जुना कोड सगळा बदलायलाही नको: अँड्रॉइडने मुख्यतः नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिला आणि मेमरीच्या चुकांचा सुरक्षा-त्रुटींतला वाटा 2019 मधल्या 76 टक्क्यांवरून 2024 मध्ये 24 टक्क्यांवर आला. ठाणे-ऐरोलीतल्या चमूंनी पुढचा पूल हाताने लिहिण्याआधी निदान सध्याच्या पुलावर दोन्ही सॅनिटायझर, अ‍ॅड्रेस आणि थ्रेडमधल्या शर्यती पकडणारा थ्रेड, चालवून पाहावेत.